गाडी शिकायला नेमके किती पैसे बाजूला काढावेत? (विक्रोळी–ठाणे पट्टा)

निशा_कन्नमवारनगर | ३ मे, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसती वाचत होते, धागा आज पहिल्यांदाच काढतेय. वय ४१, राहायला विक्रोळीला कन्नमवार नगरात. बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा ठाण्याला असतं. ह्यांची ड्युटी उरणला, तीही शिफ्टची. म्हणजे आमची वॅगन आर आठवडाभर बिल्डिंगखाली धूळ खात उभी आणि मी रस्त्यावर कॅबची वाट बघत उभी. जाऊन-येऊन साडेसहाशे रुपये जातात, पाऊस असला की त्याच्याही वर. पण पैशांपेक्षा मला दुसरंच खातं. डायलिसिस झालं की बाबांना गरगरतं, कधी एकदा आडवा होतोय असं होतं त्यांना. मागच्या महिन्यात लागोपाठ दोन कॅब कॅन्सल झाल्या आणि ते तिथेच पायरीवर बसले, भिंतीला डोकं टेकून. त्या दिवशी ठरवलं, गाडी शिकायची.

भिशीचे १५,००० हातात आलेत. त्यातच बसवायचं आहे. आसपास तीन ठिकाणी विचारून आले. पहिले ५,५०० म्हणाले, २० दिवस, रोज अर्धा तास. दुसरे तेवढ्याच दिवसांचे ७,०००, पण घरापासून नेणार-आणणार. त्याच दुसऱ्यांचं लायसन्ससकट पॅकेज ११,५००. तिसरे थोडे लांब आहेत, कांजूरला. ते १५ तास देतात, रोज एक तास, गाडीत आपण एकटेच, त्याचे ९,०००.

मला पहिलं किंवा दुसरं परवडेलसं वाटतंय. पण शेजारच्या वहिनींनी दोन वर्षांपूर्वी असाच २० दिवसांचा क्लास लावला, लायसन्सही आलं, आणि त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. माझं तसं होऊन चालणार नाही. कुठे किती खर्च करू आणि नंतरसाठी किती ठेवू, कोणी अनुभवाने सांगाल का?

---

सुहास_मुलुंड | ३ मे, रात्री ११:२०

घरात गाडी आहे, यजमानांना येते, मग क्लास कशाला? रविवारी पहाटे पाचला उठा, बीकेसीचे रस्ते रिकामे असतात. मी वडिलांकडूनच शिकलो. खर्च फक्त पेट्रोलचा.

---

मुग्धा_चेंबूर | ४ मे, सकाळी ९:०५

निशाताई, तुमच्या शेजारच्या वहिनी म्हणजे मीच असं वाटलं वाचताना. म्हणून सविस्तर लिहिते.

मी सगळ्यात स्वस्त क्लास लावला होता. कुठला ते लिहीत नाही. २० दिवस, रोज अर्धा तास. पाचव्या दिवशी माझ्या मनात काय आलं कोणास ठाऊक, मी घड्याळ लावून बसले. ७:०० ची वेळ. गाडी आली ७:०६ ला. आधीचा मुलगा अजून चालवत होता, त्याला त्याच्या घरापाशी सोडायचं होतं, मी मागच्या सीटवर. ७:११ ला स्टिअरिंग माझ्या हातात. ७:१५ ला सरांना सीएनजी भरायचा आठवला, रांगेत चार मिनिटं. मग छेडानगरच्या सिग्नलला दोन वेळा अडकलो. ७:२९ ला पुढच्या मॅडमच्या गेटपाशी मी उतरून मागे. अर्ध्या तासात माझी चाकं फिरली ती १४ मिनिटं. त्यानंतर रोज वहीत लिहायला लागले. कधी १६, कधी २१. सरासरी १८ धरा.

आता तुमच्या ७,००० च्या पॅकेजला हा हिशेब लावा. कागदावर २० × अर्धा तास म्हणजे १० तास, तासाला ७००. प्रत्यक्षात १८ मिनिटं मिळाली तर सगळे मिळून ६ तास, म्हणजे तासाला जवळजवळ १,१७०. कांजूरवाल्यांचे ९,००० भागिले १५ तास, तासाला ६००. महाग वाटतंय तेच स्वस्त आहे, फक्त गाडीत खरंच एकटं बसवतात का ते आधी बघा. दिवस मोजू नका, मिनिटं मोजा.

दुसरी गोष्ट तर मला लायसन्स आल्यावर कळली. शिकवायच्या गाडीत सरांच्या पायाखालीही क्लच-ब्रेक असतात. मला वाटायचं, वा, आपली गाडी एकदाही बंद पडत नाही! घरच्या गाडीत बसले आणि सोसायटीच्या गेटवर सलग सात वेळा बंद पडली. मागे दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवतोय, वॉचमनकाका हात करताहेत. क्लच सरांचा पाय सोडत होता, मी नाही. त्या दिवशी जी उतरले ती तीन वर्षं बसले नाही. मग गेल्या वर्षी तासाला ५०० देऊन १२ तास परत शिकले, आमच्याच गाडीवर. ६,००० परत गेले. आता पनवेलपर्यंत एकटी जाते.

तेव्हा १५,००० पैकी सगळे क्लासला देऊ नका. लायसन्स आल्यानंतरच्या पहिल्या महिन्यासाठी पैसे हवेतच.

---

जुना_चालक | ४ मे, दुपारी १:३०

निशाताई, मी बेस्टमध्ये ३१ वर्षं बस चालवली. आता निवृत्त. मुग्धाताईंनी लाखमोलाचं लिहिलंय.

मी एक युक्ती सांगतो. शिकताना पाचव्या-सहाव्या दिवसापासून सरांना विनंती करा, की सर, दहा मिनिटं पाय मागे घ्या, जमिनीवर सपाट ठेवा, गाडी बंद पडली तर पडू दे. चांगला शिकवणारा असेल तर त्याला आनंदच होईल. गाडी बंद पडणं हा शिकण्याचाच भाग आहे. क्लच जिथे पकडतो ती जागा पायाला कळली पाहिजे. गाडी किंचित थरथरते, बॉनेट पुढून अर्धा इंच उचलल्यासारखं वाटतं, इंजिनचा आवाज जड होतो. तिथे पाय थांबवायचा, तीन आकडे मोजायचे, मग सोडायचा. पहिले दोन दिवस एक्सलेटरला पाय लावूच नका. सपाट रस्त्यावर नुसत्या क्लचवर गाडी हलवा. पायाला एकदा समजलं की जन्मात विसरत नाही.

सुहासराव, तुमच्या वडिलांना संयम होता, तुमचं भाग्य. पण घरच्या गाडीत बाजूच्या माणसाच्या हाताशी फक्त हँडब्रेक असतो. पहिले दहा तास दोन्हीकडे ब्रेक असलेल्या गाडीतच जावेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्यानंतर यजमानांनी रविवारी बाजूला बसावं.

---

सुहास_मुलुंड | ४ मे, दुपारी २:१०

काका, पटलं. मी शिकलो तेव्हा १९९६ साल होतं, रस्तेही रिकामे होते. माझा सल्ला दहा तासांनंतरसाठी धरावा.

---

अमेय_घाटकोपर | ४ मे, रात्री ८:४५

पैशांचा सगळ्यात मोठा चोर इथे कोणीच धरला नाही. ७,००० चा क्लास आणि लायसन्ससकट ११,५००, म्हणजे लायसन्सचे ४,५०० झाले. सरकारी फी बघा. केंद्राच्या मोटार वाहन नियमांप्रमाणे शिकाऊ लायसन्सचे १५० आणि त्याच्या परीक्षेचे ५०. पक्क्या लायसन्सच्या टेस्टचे ३०० आणि लायसन्स देण्याचे २००. एका वर्गाचे, म्हणजे फक्त कारचे, हे ७०० होतात. वर कार्ड, पोस्ट असे थोडेफार लागतात. स्कूटरही जोडलीत तर शिकाऊ लायसन्सचे आणखी १५० आणि टेस्टचे ३००.

शिकाऊ लायसन्स तर आता आधार-ओटीपीवर घरबसल्या मिळतं. सारथी या सरकारी पोर्टलवर अर्ज, वाहतूक सुरक्षेचा व्हिडिओ पूर्ण बघायचा, मग परीक्षा. ६० टक्के उत्तरं बरोबर हवीत. चिन्हांचा एक दिवस अभ्यास केलात तर पुष्कळ झाला. तुमचं वय ४० च्या वर, त्यामुळे डॉक्टरचा फॉर्म १-ए लागेल. जवळच्या एमबीबीएस डॉक्टरकडून तो आधीच करून घ्या. ऐन वेळी तिथेच लोक अडकतात आणि मग एजंटचे पाय धरतात.

तारखांचं गणितही पैशांचंच गणित आहे. शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं, आणि ते मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. क्लास लावायच्या फार आधी काढून ठेवू नका, मुदत संपली तर पुन्हा फी, पुन्हा परीक्षा. तुमचं आरटीओ वडाळ्याचं, एमएच-०३. टेस्टला अर्धा दिवस जाईल. स्वतःची गाडी न्यायची असेल तर आरसी, विमा, पीयूसी चालू आहे का बघा. बरोबर लायसन्सवाला माणूस आणि पुढे-मागे लाल ‘एल’ हवाच.

टेस्टमध्ये नापास झालात तर घाबरू नका. ७ दिवसांनी परत देता येते, फी परत ३००.

---

स_पाटील | ४ मे, रात्री १०:१५

विम्याचं काम करतो म्हणून दोनच गोष्टी. शिकाऊ लायसन्स असताना घरची गाडी चालवली तर विमा लागू राहतो, पण मोटार वाहन नियमांतला नियम ३ पाळलेला हवा. म्हणजे बाजूला लायसन्सधारक, गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेला, आणि ‘एल’ लावलेला. यजमान मागच्या सीटवर बसून सूचना देत असतील तर ते त्यात बसत नाही.

दुसरं, शिकताना बंपर घासला जातोच. तेवढ्यासाठी क्लेम करू नका. क्लेम नसलेल्या वर्षांची सूट पहिल्या वर्षाला २० टक्के असते आणि वाढत वाढत ५० पर्यंत जाते. १,२०० च्या रंगासाठी ती घालवणं परवडत नाही. शिवाय छोट्या गाडीवर पहिले १,००० आपल्याच खिशातून जातात. त्यापेक्षा दीड-दोन हजार ‘घासण्याचे’ म्हणून वेगळे ठेवा.

---

ऋतुजा_परळ | ५ मे, सकाळी ७:५०

धागा वाचतेय, मलाही शिकायचंय. ऑटोमॅटिकवर शिकलं तर सोपं नाही का? तासही कमी लागतील.

---

अमेय_घाटकोपर | ५ मे, सकाळी ८:३०

ऋतुजा, आपल्याकडे कारचं लायसन्स गिअर आणि बिनगिअर असं वेगळं नसतं, त्यामुळे कायद्याने काही अडचण नाही. घरी ऑटोमॅटिक असेल तर खुशाल त्यावरच शीक. निशाताईंची गाडी गिअरची आहे, त्यांना उपयोग नाही.

---

शिकवणारा_कुर्ला | ५ मे, दुपारी ३:००

मी १४ वर्षं गाडी शिकवतो. आमची बाजू पण मांडतो, राग मानू नये.

मुग्धाताई म्हणतात ते खरं आहे, अर्ध्या तासाची १८ मिनिटं होतात. पण ५,५०० मध्ये क्लासवाल्याला गाडीचा हप्ता, विमा, गॅस, क्लचप्लेट आणि माझा पगार काढायचाय. शिकाऊ गाडीची क्लचप्लेट किती लवकर जाते ते गॅरेजवाल्याला विचारा. मग सकाळी सहा ते अकरा मध्ये दहा माणसं बसवावी लागतात. पैसे कमी दिले की वेळ कमी मिळतो, एवढं सरळ आहे. तेव्हा भांडू नका, पैसे भरायच्या आधी विचारा. गाडीत किती जण? नेण्या-आणण्याची वेळ माझ्या वेळात धरणार का? एखादा दिवस बुडाला तर भरून देणार का? शिकवणारा रोज तोच असणार का? हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, पण रोज नवा माणूस आला की तो पहिल्या दिवसापासूनच सुरू करतो. तुमचे दोन-तीन तास त्यातच जातात.

नियमाने प्रत्येक शाळेला फॉर्म १५ ची वही ठेवावी लागते. तुम्ही कधी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत चालवलं, त्यापुढे तुमची सही. कारसाठी कमीत कमी १० तास चालवणं आणि २१ दिवसांचा काळ नियमातच आहे. शेवटच्या दिवशी एकदम वीस सह्या मागितल्या तर देऊ नका. रोजची रोज करा.

निशाताई, आठवड्यातले तीन दिवस तुमचे डायलिसिसचे. तुम्हाला रोजचा क्लास जमणारच नाही, सांगून ठेवतो. कांजूरवाल्यांशी बोला, एक दिवसाआड द्या म्हणावं. त्यात पायाला विश्रांती मिळते आणि डोक्यात मुरतं. आणि अजून एक. १५ तास एकदम संपवू नका. १० तास आत्ता घ्या, ५ तास लायसन्स आल्यावर तुमच्या गाडीवर द्या, असं लिहून मागा. बरेच क्लासवाले तयार होतात, कारण तेव्हा त्यांची गाडी, त्यांचा गॅस वाचतो.

---

मुग्धा_चेंबूर | ५ मे, दुपारी ३:४०

सर, हा सल्ला मला चार वर्षांपूर्वी मिळायला हवा होता. मनापासून आभार.

---

निशा_कन्नमवारनगर | ९ मे, रात्री ९:३०

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. ह्यांनाही वाचून दाखवले.

आज कांजूरला जाऊन आले. दहा तास आत्ता, मंगळवार-गुरुवार-शनिवार सकाळी साडेसहाला, आणि पाच तास पुढे आमच्या गाडीवर. सुरुवातीला नाही म्हणाले, मग त्यांनीच पावतीवर लिहून दिलं. शिकवणाऱ्या मॅडम आहेत, शेवटपर्यंत त्याच राहतील. निम्मे पैसे आत्ता दिले, निम्मे दहाव्या तासाला देणार. दहा वेळा एक दिवसाआड म्हटलं की बरोबर २१ दिवसांच्या वर जातंय.

शिकाऊ लायसन्स काल रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर फोन ठेवून काढलं. १५ पैकी १३ बरोबर. लेक बाजूला उभी राहून टाळ्या वाजवत होती.

घरातल्या डब्यात चार लिफाफे केलेत: क्लास ९,०००, लायसन्स १,५००, पेट्रोल २,५००, घासण्याचे २,०००. काही राहून गेलंय का?

---

जुना_चालक | १० मे, सकाळी ६:१५

ताई, व्यवस्थित केलंत. पेट्रोलचं सांगतो. मुंबईत लिटर शंभराच्या वर आहे. शिकताना तासाला १५ किलोमीटरच होतील आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी १२ च्या वर काही देणार नाही. तासाला १२५–१३० रुपये धरा. २,५०० मध्ये १९–२० तास सराव होतो. पुरेसा आहे.

पण एक राहिलंय. तुमचे सगळे तास सकाळी साडेसहाचे. त्या वेळी विक्रोळीचे रस्ते गावासारखे असतात. तुम्हाला बाबांना घेऊन यायचंय ते संध्याकाळी. शेवटचे तीन तास संध्याकाळी सातचे मागून घ्या, जास्त पैसे मागितले तरी द्या. आणि जूनमध्ये पाऊस लागला म्हणून क्लास बुडवू नका. एक तास तरी भर पावसात झाला पाहिजे. काचेवर आतून वाफ धरते तेव्हा कुठलं बटण दाबायचं हे त्याच वेळी कळतं. ब्रेक लवकर आणि हलका. पुढच्या गाडीच्या मागच्या चाकांखालचं पाणी बघत राहायचं, रस्ता किती खोल आहे ते तेच सांगतं.

---

निशा_कन्नमवारनगर | १४ जून, रात्री १०:१०

काका, काल तो तास झाला. मुग्धाताईंचं बघून मीही वही ठेवलीय, त्यातलं लिहिते.

तास नववा. संध्याकाळी ७ ते ८, पाऊस. विक्रोळीचा रेल्वेवरचा पूल, जून २०२५ मध्ये सुरू झालेला तो. चढावर सगळं तुंबलेलं. माझ्या पुढे एक रिक्षा, मागे डंपर. त्याचे दिवे माझ्या आरशात भरलेले, बाकी काही दिसेना. मॅडमनी मला न सांगता दोन्ही पाय मागे घेतले, सीटवर मांडीच घातली म्हणा ना. मी बघितलं आणि पोटात गोळा आला. त्या म्हणाल्या, “हँडब्रेक वर ओढलायस ना? मग गाडी कुठे जात नाही. डंपरला थांबू दे.” मी क्लच सोडत आणला. ती थरथर आली, तुम्ही म्हणता ती. पाय तिथे थांबवला. एक, दोन, तीन. हलकंसं एक्सलेटर आणि हँडब्रेक खाली. गाडी एक बोटभरही मागे गेली नाही. तसं त्या पुलावर सहा वेळा थांबले आणि सहा वेळा निघाले. उतरून घरी आले तर डाव्या पायाची पोटरी दगड झालेली.

वहीप्रमाणे याच हिशेबाने गेलं तर १० तासांत प्रत्यक्ष चालवलेला वेळ: ८ तास ५० मिनिटं होतील. सिग्नलचे धरले नाहीत.

रविवारी ह्यांच्या बरोबर दोन तास, टागोर नगर ते कन्नमवार नगर, ‘एल’ लावून. रिव्हर्स अजून जमत नाही.

---

शिकवणारा_कुर्ला | १४ जून, रात्री ११:००

त्या मॅडमना माझा नमस्कार सांगा. रिव्हर्ससाठी गाडी घेऊन फिरू नका, पेट्रोल जातं. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या गाडीच्या रुंदीपेक्षा हातभर जास्त अंतरावर ठेवा आणि सोसायटीतच मागे-पुढे करा. फक्त क्लचवर, इंचाइंचाने.

---

निशा_कन्नमवारनगर | २९ जून, दुपारी ४:२०

टेस्टमध्ये नापास झाले. रिव्हर्समध्येच. स्टिअरिंग उलट फिरवलं आणि चाक रेषेवरून गेलं. वडाळ्याहून येताना रडू आवरत नव्हतं. पैशांचं नाही, पण बाबांना सकाळी सांगून निघाले होते, आज होणार म्हणून.

---

अमेय_घाटकोपर | २९ जून, दुपारी ४:४०

ताई, सात दिवस आणि ३०० रुपये. तुमच्या लिफाफ्यात ते आहेत. आजच स्लॉट बघून ठेवा.

---

जुना_चालक | २९ जून, संध्याकाळी ५:००

मीही माझ्या पहिल्या टेस्टला नापास झालो होतो. नंतर ३१ वर्षं लोकांना सुखरूप पोचवलं. उद्या सकाळी बाटल्या ठेवा.

---

निशा_कन्नमवारनगर | २३ ऑगस्ट, रात्री ९:४५

ऋतुजाने व्यनि (खासगी निरोप) करून हिशेब मागितला, तर तो सगळ्यांसाठीच लिहिते.

दुसऱ्या वेळी पास झाले. कार्ड पोस्टाने घरी आलं. क्लासचे ९,०००, एक रुपया वर नाही. लायसन्सची सगळी फी, दुसऱ्या टेस्टचे ३००, डॉक्टर, झेरॉक्स मिळून १,५५०. म्हणजे पन्नास रुपये लिफाफ्याबाहेर गेले. पेट्रोल २,२००. डाव्या बाजूला मागचं दार आमच्याच बिल्डिंगच्या खांबाला घासलं, त्याचा रंग १,१००. एकूण १३,८५०. दोन महिन्यांच्या कॅबपेक्षा कमी. यात माझ्या दोन अर्ध्या रजा धरलेल्या नाहीत, ऋतुजा, तू त्या धर.

सगळ्यात कामाला आले ते मागे ठेवलेले पाच तास. मॅडम आमच्या गाडीत बाजूला बसल्या आणि आम्ही फक्त एकच रस्ता केला: घर ते डायलिसिस सेंटर. पाच दिवस तोच. पूर्व द्रुतगती मार्गावर कुठल्या लेनमधून चढायचं, मुलुंडच्या टोलनाक्यापाशी लेन कशा फाकतात, ठाण्यात शिरताना डावीकडे कधी यायचं, सेंटरच्या दारात बाबांच्या बाजूचं दार फुटपाथकडे येईल अशी गाडी कशी लावायची. टोल आता छोट्या गाड्यांना नाही, ऑक्टोबर २०२४ पासून, पण नाक्यापाशी लोक अजूनही अचानक लेन बदलतात. तिथे मॅडमनी मला तीनदा नुसतं बघायला लावलं. हे २० दिवसांच्या क्लासमध्ये कोणी शिकवलं नसतं.

परवा शुक्रवारी पहिल्यांदा एकटीने बाबांना आणलं. त्यांना म्हटलं मागे आडवे व्हा. नको म्हणाले, पुढेच बसले. सीट मागे टाकून दिली. ऐरोली जंक्शनपर्यंत ते डोळे उघडे ठेवून माझ्या हातांकडे बघत होते. भांडुपच्या पुढे बघितलं तर झोपले होते, तोंड किंचित उघडं. कांजूरला सिग्नल लागला तेव्हा मी ब्रेक असा दाबला की त्यांची मान हलायला नको. हलली नाही.

डब्यात १,१५० उरलेत. मॅडमना विचारलंय, रात्री नऊनंतर पावसात दोन तास. डायलिसिसला उशीर झाला तर तीच वेळ होते. मंगळवारचं ठरलंय.

---

जुना_चालक | २४ ऑगस्ट, सकाळी ६:०५

निघण्याआधी पुढची काच आतून कोरड्या फडक्याने पुसा ताई. रात्री समोरच्या दिव्यांनी काच दुधासारखी होते, ती बाहेरून नाही, आतूनच मळलेली असते. बाबांना नमस्कार सांगा.